पहिलं चित्र ऑनलाइन लिलावात घ्यायचंय? आधी कॅल्क्युलेटर काढा

रात्रीचे साडेनऊ, गॅसवर डाळीचा कुकर, आणि मी ओट्याला टेकून फोनवर एका अनोळखी माणसाशी भांडत होते. भांडत म्हणजे बोली लावत. घोड्यांचा एक प्रिंट होता, मी २८ हजार केले की तो ३०, तो ३० वर थांबतोय असं वाटलं की ३२, आणि दर वेळी घड्याळ परत मागे जाऊन दोन-तीन मिनिटांचं व्हायचं. नवरा आत येऊन म्हणाला पाच शिट्ट्या झाल्या, लक्ष आहे का. मी म्हटलं थांब रे, समोर कोणीतरी येडा बसलाय, सोडतच नाहीये. तर तो म्हणाला, तोही घरी हेच सांगत असेल.

३४ हजारांना जिंकले. दुपारी ठरवलेली मर्यादा होती २५.

दुसऱ्या दिवशी मेलवर बिल आलं ४६,१०४ रुपयांचं. वर पॅकिंग आणि कुरियर २,२०० वेगळे. मला वाटलं चूक झालीय, फोन केला, तिथल्या मुलीने अगदी शांतपणे समजावलं की मॅडम, अटींमध्ये सगळं लिहिलंय. होतंच लिहिलेलं. मी वाचलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, कारण बोलीचं बटण दाबायला कोणीही शिकतं, बाकीचं सगळं त्याच्या आधी करायचं असतं आणि ते कोणी सांगत नाही.

तर ते ३४ चे ४६ कसे झाले

हातोडा पडला तो आकडा म्हणजे हॅमर प्राइस, माझा ३४,०००. त्यावर लिलाव कंपनी स्वतःचं कमिशन लावते, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात, माझ्या वेळी २० टक्के होतं, म्हणजे ६,८००. ते कमिशन ही सेवा, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, १,२२४. आणि खुद्द चित्रावर वेगळा जीएसटी, तो तेव्हा १२ टक्के होता, ४,०८०. करा बेरीज. सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रं, मूळ प्रिंट, शिल्पं यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे आज तोच प्रिंट ४३,७२४ ला पडला असता. पण प्रीमियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, मोठ्या रकमेला टप्पे असतात, काही परदेशी साइट तर कंपनीच्या प्रीमियमवर स्वतःचे अजून काही टक्के लावतात, तेव्हा त्या त्या लिलावाच्या अटींचं पान उघडून आकडा बघायचाच.

मी आता उलटं गणित करते. घरातून एकूण किती जाऊ शकतात? समजा २५,०००. त्यातून पॅकिंग-कुरियरचे अडीच हजार बाजूला, राहिले २२,५००. त्याला १.२८६ ने भागायचं (१ हॅमरचा, ०.२० प्रीमियम, ०.०३६ प्रीमियमवरचा जीएसटी, ०.०५ चित्रावरचा), आले साधारण १७,५००. हीच माझी शेवटची बोली. २५ हजारांची तयारी असलेल्या माणसाने साडेसतरावर थांबायचं, हे पचायला जड जातं पण आहे ते असं आहे. फ्रेम करायची असेल तर तीही आधीच वजा करा, चांगल्या फ्रेमचा खर्च कमी नसतो.

हे कोट्यधीशांचं काम नाही का?

पेपरात फक्त मोठ्या बातम्या येतात ना, अमृता शेरगिलचं १९३७ चं चित्र २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेलं, किंवा डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या परदेशी लिलाव कंपनीने मुंबईत पहिला लिलाव केला तेव्हा आपल्या वासुदेव गायतोंड्यांचं चित्र २३.७ कोटींना गेलं, मग वाटतं की हे आपलं दुकान नाही. पण अशाच लिलाव कंपन्यांच्या वेबसाइटवर अधूनमधून छोटे लिलाव असतात, कागदावरची कामं, प्रिंट, जुनी पोस्टर, फोटो, आणि त्यातले बरेचसे 'नो रिझर्व्ह' असतात, म्हणजे कमीत कमी इतके मिळालेच पाहिजेत अशी अट नसते. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत. मुंबईतच बघायचं तर सॅफ्रनआर्ट २००० सालापासून ऑनलाइन लिलाव करतेय, स्वस्तातल्या गोष्टींसाठी त्यांचंच स्टोरीएलटीडी आहे, ॲस्टागुरू आहे, पुंडोल्स आहे (ती गॅलरी १९६३ ची, लिलाव २०११ पासून). नाव नोंदवायला पॅन आणि पत्त्याचा पुरावा लागतो, मोठी बोली लावायची असेल तर आधी डिपॉझिटही मागतात. हे लिलावाच्या दोन-तीन दिवस आधी उरकून घ्या, मंजुरी यायला वेळ लागतो आणि ऐन वेळी 'तुमचं अकाउंट तपासणीत आहे' असं दिसलं की हात चोळत बसावं लागतं.

पान कसं वाचायचं

प्रत्येक वस्तूला लॉट नंबर असतो आणि खाली एस्टिमेट, समजा २०,०००–३०,०००. ही किंमत नाही. कंपनीचा अंदाज आहे, आणि कधीकधी मुद्दाम कमी ठेवलेला, लोक गोळा व्हावेत म्हणून. त्यात वरचा प्रीमियम-टॅक्स काहीच धरलेला नसतो. रिझर्व्ह म्हणजे मालकाने ठरवलेली छुपी किमान रक्कम, ती बहुतेक वेळा खालच्या अंदाजाइतकी किंवा त्याहून कमी असते, तिथवर बोली पोचली नाही तर वस्तू विकतच नाहीत.

आता गंमत बघा. जुन्या लिलावांचे निकाल बहुतेक साइटवर फुकट बघता येतात, आणि ते बघायचेच, पण तिथे जी रक्कम दिसते ती बऱ्याचदा प्रीमियमसकट असते. म्हणजे तुम्हाला दिसलं की असाच प्रिंट गेल्या वर्षी ३६ हजारांना गेला, म्हणून तुम्ही ३६ ची बोली लावली, तर तुम्ही गेल्या वर्षीच्या माणसापेक्षा सहा हजारांनी जास्त बोली लावायला निघालात, कारण २० टक्के प्रीमियम धरला तर त्याचा हातोडा ३० वरच पडला होता. खाली बारीक अक्षरात 'प्रीमियमसह' लिहिलेलं असतं. मी सहा महिने हे न बघता तुलना करत होते.

आणि तुलना करताना माध्यम सारखं हवं. एकाच चित्रकाराचं कॅनव्हासवरचं तैलचित्र, कागदावरचं जलरंग, पेन्सिलचं स्केच आणि प्रिंट या चार वेगळ्या बाजारपेठा आहेत. नाव बघून भुलायचं नाही. साइझ पण बघा बाबांनो, स्क्रीनवर सगळी चित्रं सारखीच दिसतात, माझ्या मैत्रिणीने घेतलेलं 'मोठं' निसर्गचित्र घरी आलं तेव्हा पोस्टकार्डाच्या दुप्पट होतं फक्त. पानावर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही दिलेले असतात, वर्तमानपत्राचा कागद तेवढा कापा आणि भिंतीवर चिकटवून बघा.

कॅटलॉगमधली वकिली भाषा

इथे प्रत्येक शब्दाला पैसे आहेत. नुसतं 'साइन्ड' लिहिलं असेल तर कंपनीच्या मते सही चित्रकाराची. 'बेअर्स सिग्नेचर' लिहिलं असेल तर सही आहे खरी, कोणाची ते आम्ही म्हणत नाही. 'ॲट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्यांचंच असावं. 'स्कूल ऑफ' म्हणजे त्या परंपरेतल्या कोणाचं तरी. 'आफ्टर' अमुक म्हणजे त्यांच्या चित्रावरून दुसऱ्या कोणीतरी केलेली नक्कल. एक छोटा शब्द आणि किंमत कुठल्या कुठे. हे फसवणं नव्हे, उलट प्रामाणिक कंपनीच हे शब्द नीट वापरते. काहीच न सांगता फक्त मोठं नाव ठळक अक्षरात टाकणाऱ्या साइटपासून लांब राहा.

मग प्रोव्हेनन्स, म्हणजे चित्र कुठून कुठे फिरलं. 'एका मान्यवर खासगी संग्रहातून' याला काही अर्थ नाही, सगळेच मान्यवर असतात. गॅलरीचं जुनं बिल, प्रदर्शनाचा कॅटलॉग, मागे चिकटवलेलं लेबल, चित्रकाराच्या कुटुंबाचं पत्र, असलं काही आहे का विचारा. नकली माल किती असतो याची एकच गोष्ट सांगते, २००९ मध्ये दिल्लीत सय्यद हैदर रझांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, रझा स्वतः बघायला गेले आणि त्यांनाच कळलं की भिंतीवरची बरीचशी चित्रं आपली नाहीतच. चित्रकार हयात असताना ही कथा. तेव्हा 'लाखाचा माल दहा हजारात' असं काही दिसलं तर तो दहा हजारांचाही नसतो हे धरून चाला.

प्रिंट म्हणजे झेरॉक्स नव्हे, पण कधीकधी असतोच

कमी बजेटमध्ये प्रिंटच परवडतात म्हणून यावर जरा जास्त लिहिते. सेरिग्राफ (जाळीतून रंग दाबून), लिथोग्राफ (दगडावरून), एचिंग (ॲसिडने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून), वुडकट (कोरलेल्या लाकडावरून) ही मूळ प्रिंटची तंत्रं. ठरावीक प्रती काढतात, खाली पेन्सिलने डावीकडे १२/५० असं लिहितात म्हणजे पन्नासातली बारावी, आणि उजवीकडे चित्रकाराची सही. ए/पी लिहिलं असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. हुसेनचे सेरिग्राफ लिलावात सारखे येतात, त्यामुळे एक हुकला तर जीव टाकायची गरज नाही, तसलाच परत येतो (हे मला ३४ हजारांनंतर समजलं, चार महिन्यांत तोच प्रिंट, तीच आवृत्ती, २२ ला गेला).

दुसऱ्या बाजूला असतात ऑफसेटवर छापलेली पोस्टर आणि इंकजेट प्रिंट, ज्याला गोड नाव देतात जिक्ले. वाईट नसतात, पण त्यांची किंमत त्या हिशोबाने हवी. ओळखायचं कसं तर भिंग. ऑफसेटमध्ये रंगांचे बारीक, एकसारखे, ओळीत बसलेले ठिपके दिसतात, सेरिग्राफमध्ये रंगाचा सलग थर दिसतो. घरबसल्या भिंग कसं लावणार? मेल करा, एका कोपऱ्याचा आणि सहीचा एकदम जवळून फोटो पाठवा म्हणा. सही पेन्सिलने हाताने केलेली आहे की चित्राबरोबर छापलेली, हेही विचारा. चांगल्या कंपन्या उत्तर देतात, दोन दिवसांत उत्तरच आलं नाही तर तेच उत्तर समजायचं.

आणि आपल्याकडचा खास विषय म्हणजे राजा रविवर्म्याची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं. आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती आठवत असेल. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, मग मळवलीला गेला, लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या शेजारी, आणि पुढे श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. म्हणून जुन्या प्रिंटच्या तळाशी 'रवि वर्मा प्रेस, कार्ला' किंवा मुंबईच्या डेपोचं नाव छापलेलं सापडतं. ऑनलाइन लिलावात ही बऱ्यापैकी येतात, त्यामुळे बघायचं काय तर एक, तळाची ती पट्टी शिल्लक आहे का, कारण फ्रेमवाल्यांनी कडा सर्रास कापल्यात आणि कापलेल्याला भाव कमी. दोन, ठिपके. दगडावरून छापलेल्याचे ठिपके विस्कळीत, हाताने टाकल्यासारखे असतात, आणि आजच्या पुनर्मुद्रणाचे ऑफसेटसारखे शिस्तीत. तीन, काहींवर हौसेने जरीचे धागे आणि टिकल्या शिवलेल्या असतात, ते जुन्या काळचंच सजवणं आहे, बिघाड समजू नका, उलट शोधणारे लोक आहेत त्याला. ओलिओग्राफ म्हणजे रविवर्म्याचं चित्र नव्हे, तो छापील प्रिंट, एवढं डोक्यात पक्कं असलं की पुरे. डोळा तयार करायला साताऱ्याजवळ औंधचं श्री भवानी संग्रहालय बघा, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेलं, तिथे रविवर्म्याची खरी तैलचित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची कामं आहेत. खरं एकदा समोर उभं राहून बघितलं की फोनवरचं खोटं जरा तरी खुपायला लागतं.

कंडिशन रिपोर्ट मागा. मागाच.

लासलगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल तर व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, दोन कांदे काढतो, दाबून बघतो, मग भाव बोलतो. आपण स्क्रीनवर हात घालू शकत नाही, म्हणून हा रिपोर्ट, म्हणजे वस्तू कोणत्या अवस्थेत आहे याची कंपनीने केलेली नोंद. फुकट मिळतो, मागावा लागतो. कागदावर तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग, माझ्या घोड्यांच्या कडेला होते आणि रिपोर्टमध्ये 'किंचित' म्हणून लिहिलंही होतं. बुरशी, पाण्याचे डाग, घडीच्या खुणा, मागून चिकटवलेला पुठ्ठा, कॅनव्हासवर भेगा, रंगाचे पोपडे, आणि रिटचिंग, म्हणजे नंतर कोणी रंग भरलाय का. मुंबई-कोकणातल्या घरातून आलेल्या जुन्या कागदाला थोडे ठिपके असणारच, त्याने घाबरायचं नाही, पण चेहऱ्यावर किंवा सहीवर असतील तर सोडा. लिलावाआधी प्रदर्शन असतं, मुंबईत असाल तर जाऊन या, कोणी हुसकत नाही. चपला साध्या असल्या तरी चालतं. मागची बाजू दाखवा म्हणा, दाखवतात.

त्या रात्री

आधी तीन लिलाव नुसते बघा, एक रुपया न लावता. वहीत अंदाज लिहायचा की हे कितीला जाईल, मग निकाल लिहायचा. तिसऱ्यापर्यंत तुमचा अंदाज जवळ यायला लागतो.

बोली दोन प्रकारे लावता येते. एक, हाताने, टप्प्याटप्प्याने, म्हणजे मी कुकरसमोर करत होते तसं. दुसरं, प्रॉक्सी, तुमची कमाल रक्कम आधीच टाकून ठेवायची, मशीन तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवत नेतं, समोरचा १२ वर थांबला तर तुम्हाला १३-१४ लाच मिळतं, १७ जात नाहीत. दोघांची कमाल सारखी असली तर आधी टाकणाऱ्याला मिळतं. मी आता फक्त प्रॉक्सी वापरते, दुपारी डोकं थंड असताना टाकते आणि संध्याकाळी चालायला जाते. शेवटच्या सेकंदाला बोली टाकून जिंकायची युक्ती इथे चालत नाही, कारण शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बोली आली की वेळ वाढते. लॉट गटागटाने बंद होतात, तर तुमचा गट किती वाजता ते बघून ठेवा. आणि एकदा लावलेली बोली मागे घेता येत नाही, शून्य जास्त पडलं तरी. एकाच रात्री चार लॉटवर प्रॉक्सी टाकली तर चारही मिळू शकतात, याचाही विचार करा.

मिळालं तर पुढे

पैसे ठरावीक दिवसांत भरायचे, बहुतेक आठवडाभर देतात. बँक खात्याचा नंबर बिलावरचाच वापरा. 'खातं बदललंय' असा व्हॉट्सॲप आला तर वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून खात्री करा. शहरातच असेल तर स्वतः जाऊन आणा, पॅकिंग वाचतं. लांबून येणार असेल तर काच काढून पाठवा म्हणा, फुटलेली काच कागद फाडते. प्रवासाचा विमा आहे ना विचारा आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा.

बाहेरगावच्या, म्हणजे अमेरिका-दुबईवाल्या ताई-दादांसाठी महत्त्वाचं. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यामुळे १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेता येत नाहीत. शिवाय रविवर्मा, शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ टागोर धरून ९ चित्रकारांची कामं 'राष्ट्रीय कलासंपदा' आहेत, तीही नाही. कॅटलॉगमध्ये 'नॉन एक्स्पोर्टेबल' लिहिलेलं असतं. पुण्यात आईकडे ठेवायचं असेल तर जरूर घ्या. उलट परदेशातल्या लिलावातून इकडे मागवलं तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी वर येतात, ते गणितात धरा.

चित्र तुमचं झालं म्हणजे कॉपीराइट तुमचा झाला असं नाही, कॅलेंडर छापायला काढू नका. आणि पुढे फायद्यात विकलंत तर कर लागतो, चित्रं ही घरातल्या फर्निचरसारखी करातून सुटत नाहीत.

घरी आल्यावर फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा, फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, आणि कड कापायची नाही. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ॲसिड-फ्री हवा, काच कागदाला टेकता कामा नये. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून मागे बघा.

मागचं जुनं लेबल कितीही कळकट दिसलं तरी काढू द्यायचं नाही. बिल, कंडिशन रिपोर्ट, कॅटलॉगच्या पानाची प्रिंट, कंपनीशी झालेले मेल, सगळं एका फाइलमध्ये. आमच्याकडे ती फाइल गॅसच्या पुस्तकाशेजारी असते, आणि तिच्यात सगळ्यात वर ते ४६,१०४ चं बिल आहे.